मधलं काही नाही का?

खरेदीत मला कोणी गुंडाळू शकत नाही. काय हवं ते पक्कं ठरवून जातो आणि तेवढंच घेऊन येतो.

मी औषधांच्या माहितीपत्रकांची भाषांतरं करतो. माझा जुना कॉम्प्युटर जरा मोठी फाइल दिसली की मान टाकायचा. त्यात एका औषध कंपनीचं वर्षभराचं काम मिळायची आशा होती. सोमवारी साहेबांशी व्हिडिओवर मुलाखत. ती बिघडली, तर मेव्हण्याच्या ऑफिसात पत्रं टाइप करायला बसावं लागणार होतं. तो त्याचीच वाट बघत होता.

दुकानदाराला म्हटलं, "साधा, दणकट, कामाचा कॉम्प्युटर दाखवा."

त्याने साबणाच्या डबीएवढी वस्तू समोर ठेवली. "यावर ईमेल छान बघता येतं."

"याहून मोठा?"

त्याने कपाटाएवढं धूड दाखवलं. काचेची भिंत, आत सहा पंखे, रंग बदलणारे दिवे. "हा गेम खेळणाऱ्यांचा."

"अहो, मी बेचाळीस वर्षांचा माणूस. मधलं काही नाही का?"

"मधलं कोणी विचारतच नाही हो. तुम्हीच पहिले."

मी पक्कं ठरवून गेलो होतो, म्हणून धूड घेऊन आलो.

घरी दिवे काही केल्या बंद होईनात. माझा चेहरा कधी हिरवा, कधी जांभळा. बायको म्हणाली, "अरे, सोबत पुस्तिका आलीय, ती वाच ना."

"दिवसभर तेच करतो, आता घरच्या वस्तूचंही वाचू?"

मग तिने जुन्या रजईचा झकास अभ्रा शिवला. सोमवारी धूड गळ्यापर्यंत गुंडाळून मी मुलाखतीला बसलो.

साहेब बोलायला लागले आणि पाचव्या मिनिटाला पंखे किंचाळले. रजईचा जळका वास आला आणि धूड बंद पडून पडदा काळा झाला. बायकोने पुस्तिका उघडली. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत होतं, 'यंत्र झाकून ठेवू नये.' तिने ते पान माझ्या नाकासमोर धरलं.

पलंगाखालून जुना कॉम्प्युटर काढला. कसाबसा जोडला गेलो, "माफ करा" म्हटलं आणि त्याने सवयीप्रमाणे मान टाकली. साहेबांचा आवाज तेवढा येत होता, पण माझा जाईना. पडद्यावर माझा चेहरा गोठलेला, तोंड मिटलेलं, नजर समोर. अर्धा तास मी आतून ओरडत होतो आणि मेव्हण्याचं ऑफिस डोळ्यांसमोर नाचत होतं.

शेवटी साहेब म्हणाले, "आधीचे भाषांतरकार प्रत्येक वाक्याला मधे तोंड घालायचे. तुम्ही इतकं शांतपणे ऐकलंत. काम तुमचंच."

आता धूड अभ्र्याशिवाय वाऱ्यासारखं पळतं, दिवेही पुस्तिका वाचून बंद केलेत. फक्त दर महिन्याच्या मीटिंगला त्याच्यासमोर मला अर्धा तास न हलता बसावं लागतं. परवा नाकावर माशी बसली होती, तरी मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.