पाच पावलं जा आणि उभा राहा

फॉर्ममध्ये एक रकाना रिकामा होता, आणि रिकामा रकाना मला बघवत नाही. माझा गुन्हा एवढाच.

झालं असं. सोमवारी सकाळी चहाचा कप ठेवायला जागा शोधत होतो, तर ओट्यावर ईशाच्या क्लबचा कागद पडलेला. ईशा आमची एकुलती एक, वय वर्षं पंधरा, जन्म ऑकलंडचा. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. गेली दोन वर्षं ती न्यू लिनच्या एका क्लबात फ्लॅग फुटबॉल खेळते. म्हणजे अमेरिकन फुटबॉलच, पण हेल्मेट आणि हाणामारी वजा. कमरेच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंना एकेक फीत लटकवायची. चेंडू ज्याच्या हातात, त्याची फीत सुटली की खेळ तिथंच थांबतो, मग ती कुणी का ओढेना. चेंडू सोललेल्या नारळासारखा, दोन्हीकडे टोकदार. तो फेकणारी जी मुख्य खेळाडू तिला क्वार्टरबॅक म्हणतात, आणि ईशाला तेच व्हायचं होतं. पोरिरुआला मोठी स्पर्धा होती आणि संघात क्वार्टरबॅकची जागा एकच. मागच्या वर्षी तिची ती जागा हुकली तेव्हा पोरगी दोन दिवस खोलीबाहेर आली नव्हती. दाराशी ठेवलेला वरणभात मी तसाच उचलून आणायचो. ते मला पुन्हा बघायचं नव्हतं.

कागदावर लिहिलं होतं की शनिवारच्या निवड सामन्याला प्रत्येक मुलीने एक पालक खेळायला आणावा. (कोच टॅविटाचं म्हणणं असं, की चांगले खेळाडू घेऊन कुणीही खेळेल. क्वार्टरबॅकचं डोकं बघायचं तर तिच्या संघात दोन आईबाप घालावेत.) पालकाचं नाव: रिकामं. खेळाचा अनुभव: रिकामा. निवेदिता, म्हणजे आमची ही, आंघोळीला गेलेली. मी पेन उचललं. नावाच्या जागी 'अनिरुद्ध' लिहिलं, अनुभवाच्या जागी 'कबड्डी'. ते एकटंच फार केविलवाणं दिसायला लागलं, म्हणून पुढे 'युनिव्हर्सिटी लेव्हल' जोडलं.

खोटं नव्हतं. (फारसं.) पुण्यात कॉलेजच्या संघात मी दोन वर्षं राखीव होतो, आणि युनिव्हर्सिटीच्या मैदानावर एकदा, एकदाच, आमचे दोघं पोट बिघडून आडवे झाले म्हणून मला चढाईला पाठवलं होतं. दांडेकर सर माझ्या कानात म्हणाले होते, "हे बघ, तू गडी बाद करशील अशी माझी अपेक्षा नाही. कुणाचा हात लागला की फिर आणि आपली रेघ गाठ. काय वाटेल ते होवो, परत ये." मी गेलो आणि परत आलो. माझ्या क्रीडाजीवनाचा सारांश एवढाच आहे. मंडळाच्या गणपतीत मी तो दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी त्यात बाद झालेला एकेक गडी वाढतो. सध्या चौदा झालेत. (कबड्डीच्या संघात मैदानावर सात असतात, हे इथे अजून कुणी मोजलेलं नाही.)

मंगळवारी संध्याकाळी ईशा प्रॅक्टिसहून आली ती बॅग आपटतच.

"बाबा, व्हाय वुड यू राइट दॅट?"

"काय लिहिलं मी?"

"कोचने कबड्डी गूगल केलं. हीप्स ऑफ व्हिडिओज बघितले. ही थिंक्स यू आर वन ऑफ दोज गाइज."

"म्हणजे कोण?"

"ज्यांना मांड्या असतात ते," निवेदिता पोळी लाटता लाटता म्हणाली. "कागद भरायच्या आधी मला विचारलं असतंस तर मी गेले असते. मी खो-खो खेळलेय."

"तू? कधी?"

"शाळेत. जिल्ह्यात पहिल्या आलो होतो. लग्नाआधी सांगितलं होतं तुला."

मला काही आठवेना. (बहुधा तेव्हाही मीच बोलत असणार.) नाव बदलून घे म्हटलं, तर यादी लागलेली. कोचने माझ्या नावासमोर चक्क चांदणी काढली होती.

त्या क्षणापासून मला बसवेना. मी येरझाऱ्या घालायला लागलो. हॉलमधून गॅरेजमध्ये, गॅरेजमधून हॉलमध्ये. शेवटी ईशाच वैतागली. "इफ यू आर गोइंग टू वॉक, वॉक प्रॉपरली," म्हणाली आणि मला गॅरेजमध्ये घेऊन गेली.

तिथे जमिनीवर चिकटपट्टीने शिडी आखलेली होती. गेले कित्येक महिने मला वाटत होतं, निवेदिताने कपाटासाठी मापं घेतलीयत. ईशा त्या चौकोनांतून दोन्ही पाय नाचवत अशी सर्रकन गेली की माझे डोळे मागे राहिले. मग चेंडू घेतला. बोटं शिलाईवर, पुढचा पाय बरोबर जिकडे फेकायचं तिकडे, आधी कंबर वळली, मग खांदा, हात सगळ्यात शेवटी. चेंडू स्वतःभोवती गिरकी घेत सरळ गेला आणि पलीकडच्या टोकाला टांगलेल्या धुण्याच्या टोपलीत पडला. रोज दोनशे वेळा फेकते म्हणाली. रोज संध्याकाळी धप्प धप्प आवाज यायचा तो शेजारच्यांच्या वॉशिंग मशीनचा, असं मी धरून चाललो होतो. मला एकदम फार अभिमान वाटला आणि त्याच्या दुप्पट लाज.

"तू फक्त एक रूट शीक," ती म्हणाली. मराठीत म्हणाली, यावरून परिस्थिती किती गंभीर होती ते ओळखा. "पाच पावलं जा. पाचव्याला कंबर खाली. वळ. हात समोर. उभा राहा. दॅट्स इट."

"आणि चेंडू आला तर?"

"येणार नाही."

तेव्हापासून मी पाच पावलांचाच माणूस झालो. पेनरोजला आमच्या गोदामाच्या ऑफिसात प्रिंटरपासून किटलीपर्यंत पाच पावलं, कंबर खाली, वळ, हात समोर. एकदा वळलो तर हातासमोर मॅनेजर. किया ओरा, म्हणजे इथला नमस्कार, म्हणालो आणि कप धुवायला लागलो.

गुरुवारी बाहेर धो धो पाऊस. निवेदिताने शनिवारच्या श्रीखंडासाठी चक्का फडक्यात बांधून नळाला टांगला होता. निवड झाली तर आनंदाचं, नाही झाली तर समजुतीचं. फ्रिजपासून नळापर्यंत बरोबर पाच पावलं भरतात हे माझ्या लक्षात आलं, आणि मला राहवेना.

"ईशा, एकच फेक. हळू."

"इन द किचन? नो."

"अगं एकच. सरावाशिवाय मला झोप लागत नाहीये."

तिने उसासा टाकला आणि फेकला. चेंडू सुटला तो माझे हात जिथे असायला हवे होते नेमका तिथेच येत होता. हात मात्र तिथे नव्हते. पाचव्या पावलाला कंबर खाली घेताना पायातल्या जांडल्स (इथे सपातांना हेच म्हणतात) ओल्या फरशीवरून सटकल्या, मी आधारासाठी हाताला लागेल ते धरलं, आणि हाताला चक्का लागला. गाठ सुटली. पाव किलो डोक्यावर, बाकीचा खांद्यांवर, आणि चेंडू पोटावर आदळून तिथंच रुतून बसला. पडला नाही.

निवेदिता दारात येऊन उभी राहिली. तिने चक्क्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणजे एकाच ठिकाणी दोनदा बघितलं.

"झेलला का?"

"झेलला," ईशा म्हणाली. "विथ हिज टमी."

"मग फरशी पुसून घे म्हणावं त्याला. आणि दही घेऊन ये, चार लिटर."

पावसात डेअरीकडे जाताना मला जरा बरंही वाटलं होतं. झेलला तर होता.

शनिवारी सकाळी गाडीत मात्र माझा धीर सुटला. निवेदिता गाडी चालवत होती, मी मागे ईशाशेजारी, पट्ट्याच्या फिती उगाच सोडत-लावत.

"ईशा, एक सांगायचं होतं. मी राखीव होतो गं. एकदाच खेळलो."

"आय नो," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "आईने सांगितलं. लाइक, थ्री इयर्स अगो." मग तिने माझ्या हातातली फीत काढून नीट अडकवली. "बाबा, मला हे खरंच हवंय. सो प्लीज. पाच पावलं जा आणि उभा राहा."

मी मान हलवली. त्या वेळी तिने पाच पावलं जाऊन समुद्रात उडी मार म्हटलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

मैदानावर वारा, ऊन, पाऊस सगळं आळीपाळीने चालू होतं. टॅविटा, दाराच्या चौकटीएवढा माणूस, पुढे आला आणि माझा हात दोन्ही हातांत घेऊन आदराने हलवला. मग त्याने माझ्या मांड्यांकडे बघितलं. चेहऱ्यावर थोडा गोंधळ दिसला, पण माणूस सभ्य.

पाच-पाचांचे संघ. आमच्यात ईशा, तिची मैत्रीण सिद्धी, अजून एक मुलगी (तिच्या घरून कुणी आलं नव्हतं), सिद्धीचे वडील चंद्रहास आणि मी. खेळ सुरू झाला आणि मी अक्षरशः एकूण एक वेळा पाच पावलं गेलो आणि उभा राहिलो. माझ्याकडे कुणी ढुंकून बघेना. ईशा काय सुंदर खेळत होती म्हणून सांगू. समोरून कोणी अंगावर आलं तरी डोकं वर, नजर लांब, आणि चेंडू असा सोडायची की पळणाऱ्याने फक्त हात पुढे करावा. एकदा तर चंद्रहासनेही गोल केला. (गोल म्हणत नाहीत, पण काय म्हणतात ते मला अजून येत नाही.) शेवटचं मिनिट उरलं तेव्हा आम्ही तेरा, ते बारा. चेंडू आमच्याकडे, आमच्या रेघेपासून वीस-बावीस पावलांवर. काहीही वेडंवाकडं केलं नाही की जिंकलो.

"फक्त एक गोष्ट टाळा," टॅविटा बाहेरून सगळ्यांना म्हणाला. "चेंडू घेऊन आपल्याच रेघेमागे जाऊ नका. त्यांना दोन पॉइंट मिळतील." त्यावर सगळे हसले. असं कोण करेल? मीही हसलो.

ईशाने सिद्धीकडे फेकला. मध्ये एका उंच मुलीची बोटं लागली, चेंडू उडाला, आणि मी पाच पावलं जाऊन, कंबर खाली घेऊन, वळून उभा होतो तिथे येऊन माझ्या पोटात रुतला.

गुरुवारच्या सवयीने मी तो घट्ट धरला. समोर तीन जण. त्यातली एक आई फितीसाठी झेपावली, फीत हुकली, आणि तिचा हात माझ्या कोपराला लागला.

हात लागला.

पुढचं मी ठरवून केलेलं नाही, देवाशप्पथ. पंचवीस वर्षांपूर्वीचे दांडेकर सर कानात बोलले. मी गर्रकन फिरलो, दम धरला, आणि तोंडाने कबड्डी कबड्डी कबड्डी म्हणत आपली रेघ गाठायला सुटलो. आयुष्यात इतका जोरात मी कधी पळालो नव्हतो. लोक ओरडत होते. मला वाटलं, कौतुक चाललंय. चंद्रहास दोन्ही हात पसरून आडवा आला, त्यालाही मी हुलकावणी दिली. (फार सुंदर जमली, व्हिडिओत आहे.) बाजूने निवेदिताचा आवाज आला, "अरे गाढवा, तिकडे नाही." पण घरात मी असंख्य वेळा ऐकलेलं वाक्य ते, त्याने वेग कमी होत नाही.

रेघ दोन पावलांवर. मी हात पुढे केला. आणि कमरेला एक हिसका बसला.

वळून बघितलं तर ईशा, गवतावर पालथी, मुठीत माझी फीत. फीत सुटली, खेळ थांबला. रेघेच्या दोन पावलं अलीकडे. शिट्टी वाजली, मिनिट संपलं. तेरा-बारा.

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की मी कुठल्या रेघेवर आहे. गोदामातल्या बावीस हजार खोक्यांपैकी कुठलं कुठे आहे हे मला घरी बसून सांगता येतं. पोरीचं वर्षभराचं काम मी बावीस पावलांत मातीत घालायला निघालो होतो. मी तिथंच खाली बसलो. "ईशा, सॉरी गं," एवढंच म्हणता आलं. ती धापा टाकत माझ्याकडे बघत होती, आणि मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना.

टॅविटा आला. मला त्याने ओलांडलं आणि ईशाला हात देऊन उठवलं. "फेकायला मी शिकवू शकतो," म्हणाला. "पण आपलाच माणूस उलटा पळाला तर क्षणात काय करायचं, ते शिकवता येत नाही. यू आर माय क्वार्टरबॅक." मग वळून निवेदिताला म्हणाला, "तू तर शेवटी रेघेबाहेरून त्याच्या पुढे पोचली होतीस. कुठं शिकलीस?" निवेदिताने खो-खो सांगितलं. तो म्हणाला, बुधवारपासून मुलींचं फुटवर्क तू घे. माझ्या मांड्यांकडे या वेळी त्याने बघितलंच नाही.

संध्याकाळी श्रीखंडपुरी झाली. आनंदाची. जेवणानंतर ईशाने पोरिरुआच्या दौऱ्याचा फॉर्म टेबलावर ठेवला. त्यात एक रकाना होता, 'पालक कोणती मदत करू शकतील?' रिकामा. माझा हात आपोआप पेनाकडे गेला.

तिने पेन काढून घेतलं आणि स्वतः भरलं. आईच्या नावापुढे 'असिस्टंट कोच'. माझ्या नावापुढे 'ड्रायव्हर'. मला बरं वाटलं. नऊ तासांचा रस्ता आहे, विश्वास लागतो.

मग तिने जरा विचार केला, "परत यायचं तेवढं तुला जमतं," म्हणाली आणि पुढे अजून तीन शब्द लिहिले: 'रिटर्न ट्रिप ओन्ली'.