उत्तरेची खिडकी

बकारामचं पत्र वाचता वाचता केशोराव मास्तर मध्येच थांबले. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा नाकावर चढवला.

"काऊन थांबले जी मास्तर?" देवकाबाईंनी विचारलं. "पोरगा बरा हाय ना माहा?"

"बरा आहे," मास्तर म्हणाले. "जरा जास्तच बरा दिसतो."

दाराआड उभी असलेली वच्छला फटीशी सरकली. बकाराम तिचा नवरा. फौजेत होता, पण लढाईत नव्हता. काश्मीरच्या पहाडात कुठेतरी रसदेचं गोदाम होतं, तिथे तो शिपायांचा डाळ-तांदूळ मोजून द्यायचा. त्याची पत्रंही गोदामासारखीच असत. 'सौ. वच्छला हिस कळावे. शेताच्या धुऱ्यावर माती टाकली का? बैलाचा खूर कसा आहे? आईने थंड पाणी पिऊ नये. कळावे.' सहा पत्रं आली होती. सहाही पत्रांत बैलाची चौकशी होती. वच्छला कशी आहे, हे एकातही नव्हतं.

मास्तर खाकरले आणि शाळेत धडा वाचावा तसं वाचू लागले. 'सखे, इथे बर्फ पडतो तेव्हा आवाज होत नाही. वाटतं, वर कुणीतरी सूप घेऊन बसलं आहे आणि हळूहळू तांदूळ पाखडतं आहे. मी डोळे मिटतो, तर ते सूप तुझ्या हातात असतं. माझं एक काम कर. घराच्या उत्तरेच्या भिंतीला खिडकी पाड. मी येईन तो उत्तरेकडून येईन. दाराशी पोचेपर्यंत मला दम निघणार नाही. वाटेवरूनच तुझा चेहरा दिसू दे.'

सासूच्या हातातलं पान तसंच राहिलं.

"अक्षर त्याचंच हाय?" तिने शेवटी विचारलं.

"त्याचंच. मीच तर शिकवलं त्याला."

"वर माहं नाव हाय का जी?" दाराआडून वच्छलाने विचारलं.

"नाव नाही. लाजला असेल."

ते खरंही वाटलं. जो माणूस लग्नाच्या चार वर्षांत बायकोला नावाने हाक मारायच्या ऐवजी खोकत असे, तो पत्रात लाजणारच.

त्या दिवशी वच्छला पाण्याला गेली ती घागर विहिरीवर विसरून आली. वैशाखाचं ऊन पाठ भाजत होतं, पण तिच्या अंगावर पांढरं, मऊ, बिनआवाजाचं काहीतरी पडत होतं. भात पाखडायला बसली की सूप हातातच थांबे. वर पाहिलं की वाटे, तिकडे तोही आत्ता वरच पाहत असेल.

"मामीजी," तिसऱ्या दिवशी ती सासूला म्हणाली, "खिडकी पाडा लागते."

"पोट्टे, त्या भितीले ढोली हाय!"

बांबूची, शेणामातीने लिंपलेली, माणसाच्या उंचीची ती ढोली उत्तरेच्या भिंतीला टेकून होती आणि तिच्यात बियाण्याचं धान होतं. पण लेकाने फौजेतून लिहिलं म्हणजे सरकारनेच लिहिलं, अशी सासूची समजूत. म्हणून ढोली रिकामी केली. धानाची रास तिथेच माजघराच्या जमिनीवर आली. त्यामुळे खाटा अंगणात आल्या, चूल पडवीत आली आणि पडवीतली शेळी शेजाऱ्यांच्या वाडीत गेली. मग मातीची भिंत फोडायला सुरुवात झाली.

चौथ्या घावाला पलीकडून मुन्नालाल ओरडला. "कोन हाय? काय करून राहिले?"

घरामागे त्याचा गोठा होता, आणि त्याचं डोकं आता त्या भोकातून दिसत होतं.

"खिडकी करून राहिलो जी," वच्छला म्हणाली.

"माह्या गोठ्यात?"

"ते उत्तरेकडून येनार हायत. उत्तरेले काश्मीर हाय."

"काश्मीर बाद में, बाई! पयले माहा गोठा हाय!"

भांडण सकाळपासून दुपारपर्यंत चाललं. शेवटी फौजी माणसाच्या इच्छेला मोडता नको म्हणून चार जणांनी मुन्नालालला गप्प केलं. खिडकी झाली. वच्छलाने कडा सारवून घेतल्या, पांढऱ्या मातीने वेल काढली आणि केस विंचरून ती खिडकीशी बसली. समोर मुन्नालालचा बैल होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या शिंगांच्या वरून आभाळाचा एक तुकडा दिसत होता. तिला तेवढा पुरे होता.

बैलाला मात्र पुरेना. दुसऱ्या दिवशी सासू-सून बाजाराला गेल्या, तेव्हा त्याने दावं तोडलं, खिडकीतून मानेपर्यंत आत आला आणि राशीचा हाताला लागेल, म्हणजे जिभेला लागेल, तेवढा भाग खाऊन टाकला.

"वाचलं तेवढ्यात धानाची अर्धी बांधी पेरली गेली तं नशीब!" देवकाबाईंनी कपाळावर हात मारला. "येऊ दे त्याले. बियाणं बैलाच्या पोटात अन् बायको खिडकीत!"

बियाण्याचं वच्छलालाही वाईट वाटलं होतं. पण खिडकी बुजवायला ती तयार नव्हती.

आणि मग महिन्याभराने पुढचं पत्र आलं.

'सौ. वच्छला हिस कळावे. मोठी चूक झाली. इथे धनसिंग म्हणून खेचरांवर काम करणारा आहे. त्याला लिहिता येत नाही, म्हणून त्याची पत्रं मी लिहितो. लिफाफे बदलले. तुला आलेले पत्र त्याच्या घरी फुलचूरला पोचवावे व आपले आणावे. बियाण्याचे धान जपावे. कळावे.'

मास्तरांनी पत्राची घडी घातली आणि तिच्याकडे न पाहता चपला शोधू लागले. वच्छला आत गेली. आभाळ आता नुसतं आभाळ होतं. दुसऱ्याच बाईचा बर्फ आपण महिनाभर अंगावर घेत होतो, या विचाराने तिचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी ती मोटारीने गोंदियाला आणि तिथून पायी फुलचूरला गेली. धनसिंगची बायको चमेली अंगणात शेण कालवत होती. वच्छलाने न बसताच पत्र पुढे केलं.

"हे तुमचं हाय. माह्या घरी आल्तं."

चमेलीने हात धुतले, पण पत्र घेतलं नाही. "बस तं खरी. तू दालवाल्या बाबूची बायको ना?"

"हो."

"मंग हे तुहंच हाय."

"नाही जी. धनसिंगभाऊनं सांगून लिवलेलं."

चमेली हसत सुटली. "तो काय सांगते! मांगं सुट्टीवर आल्ता, तवा मी इचारलं. म्हने, मी 'बरा हाय' एवढंच सांगतो, बाकीचं बाबू आपल्या मनानं लिवते. लिवता लिवता त्याच्या डोळ्याले पानी येते म्हने, अन् कोनी पाह्यलं तं म्हनते, मिरचीचं पोतं फुटलं."

वच्छला आता अंगणातच खाली बसली. चमेलीने आतून पत्रांची चळत आणून तिच्या मांडीवर ठेवली.

"बायकोले लिवाची लाज वाटते त्याले, मनून माह्या नावानं लिवते. घेऊन जाय. माह्या माणसाच्या तोंडी हे कधी शोभलंच नाही."

"अन् आमचं पत्र? बैलाचं?"

चमेलीचा हात पटकन पदराच्या गाठीकडे गेला. "ते मी नाही देत," ती हळूच म्हणाली. "धुऱ्यावर माती टाकली का, बैलाचा खूर कसा हाय... पयल्यांदा वाटलं, माहाच माणूस बोलून राहिला."

मग चमेलीने चहा केला.

परतल्यावर वच्छला थेट मास्तरांच्या घरी गेली. "लिवा जी," ती म्हणाली.

मास्तरांनी टाक बुडवला. "काय लिहू? पत्र पोचवलं म्हणून?"

"लिवा, धनसिंगभाऊचं पत्र जिथं पोचाचं तिथं पोचलं." ती क्षणभर थांबली. पदर तोंडाला लावून, पण आवाज न दबवता तिने पुढचं सांगितलं, "अन् लिवा, म्हना, तुमी दर खेपेले असेच चुकत जा."