पाच मिनिटांचा गजर

मंडळी, बोलायचं कसं हे मला कुणी शिकवावं, हा विनोदच आहे! ज्याचं बारसं कीर्तनाच्या मध्यंतरात उरकलं, जो पाळण्यात झांजेच्या ठेक्यावर रडायचा (असं आई सांगायची, आणि आई आमच्या कीर्तनकार बुवांच्या खालोखाल खरं बोलायची), त्या मला, निशिकांतला, कंपनीनं संध्याकाळच्या कम्युनिटी कॉलेजात 'पब्लिक स्पीकिंग'च्या वर्गात बसवलं! म्हणजे माशाला पोहण्याच्या क्लासला घातलं, आणि वर फ्लोट बांधून!

त्याचं झालं असं. मी सिंगापूरला, जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये सेफ्टी खात्यात आहे. आमच्याकडे रोज सकाळी काम सुरू होण्याआधी कामगारांना उभ्याउभ्या चार सूचना देतात. हेल्मेट घाला, हातमोजे घाला, आग लागली तर कुठल्या दारानं पळायचं ते बघून ठेवा. याला म्हणतात टूलबॉक्स टॉक. तो देतो सेफ्टी लीड. आणि ती खुर्ची रिकामी झाली होती!

विचार करा. रोज सकाळी शेकडो श्रोते. समोर माईक. आणि टॉक संपेपर्यंत कुणालाही हलायची परवानगी नाही! असं भाग्य हल्ली कुठल्या कीर्तनकाराला लाभतं? मला ती खुर्ची हवी होती. पगारासाठी नव्हे हो, त्या माईकसाठी!

एक दिवस साहेबांनी मला संधी दिली. मी नमनानं सुरुवात केली, नरदेहाच्या दुर्लभतेवर आलो, तिथून हातमोज्यांकडे वळणार, तेवढ्यात क्रेनवाल्याचं दुपारचं जेवण आलं.

"निशी," आमचे साहेब मिस्टर गोह म्हणाले, "युवर टॉक व्हेरी गुड. बट माय प्लांट स्टिल नॉट स्टार्ट, लाह!"

मग त्यांनी अट घातली. कॉलेजचा कोर्स कर, शेवटची परीक्षा पास हो, तर खुर्ची तुझी. नाहीतर यशोधनची.

यशोधन म्हणजे आमच्या खात्यातला पुण्याचा पोरगा. तो बोलतो तेव्हा लिफ्ट बोलतेय असं वाटतं. "हेल्मेट. ग्लव्ह्ज. एक्झिट. थँक यू." संपलं! ना आलाप, ना दृष्टान्त! आणि साहेब त्याच्यावर फिदा.

साहेबांना तेव्हा आणखी एक डोकेदुखी होती. आमच्या प्लांटचा धोक्याचा भोंगा. त्याची लोकांना इतकी सवय झालेली, की ड्रिलला तो बोंबलत असायचा आणि लोक आधी कॉफी संपवायचे, मग कप धुवायचे, मग बाहेर! पण ते असो, ती माझी डोकेदुखी नव्हती. निदान तेव्हा नव्हती.

तर कॉलेज. आमच्या बाई मिसेस ओंग. काटेकोर बाई! त्यांचा सगळा धर्म एका वाक्यात मावायचा: पाच मिनिटांत बोला, आणि ऐकणाऱ्याला उठून काहीतरी करायला लावा. वेळ संपली की टेबलावरची पितळी घंटी वाजणार. ती वाजवायचं काम चुआ अंकलकडे. हे निवृत्त टॅक्सीवाले, मुलीच्या लग्नात भाषण करायचं म्हणून वर्गाला आलेले. आमची दोस्ती खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, कॉफीवर जमली. तिथंच कळलं की अंकल तरुणपणी चिनी लायन डान्सच्या पथकात झांजा वाजवायचे!

"झांजा?" माझा कप हातातच राहिला.

"ट्वेंटी इयर्स!" अंकल म्हणाले आणि दोन बशा घेऊन त्यांनी असा ठेका धरला, की शेजारच्या टेबलावरचा माणूस नूडल्स खाता खाता मान हलवायला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मंडळी. सिंगापुरात मला साथीदार भेटला!

शेवटच्या परीक्षेसाठी मी विषय घेतला, 'आपला एक्झिट ओळखा'. घरी, यिशुनच्या आमच्या फ्लॅटमध्ये, तालीम सुरू झाली. श्रोते दोन. बायको नंदा आणि मुलगी ऋग्वेदा.

"बाबा, फाइव्ह मिनिट्स ओव्हर," ऋग्वेदा फोनकडे बघत म्हणाली. "अँड यू आर स्टिल थँकिंग गणपती."

"अगं, नमन नको? नमनाशिवाय बोलणं म्हणजे चपला घालून देव्हाऱ्यात!"

"अहो, पण ते पूर्वरंग-उत्तररंग पाच मिनिटांत कसं बसवणार?" नंदानं भेंडी चिरता चिरता विचारलं. "तुम्ही तर 'मीठ दे' म्हणायलासुद्धा आधी समुद्रमंथन सांगता!"

"बसेल! लंकादहन घेतोय. आग, पळापळ, सगळं त्यात आलं. सेफ्टीचा याहून चांगला दाखला आहे का कुठे?"

"आणि ती डबी कसली खिशात?"

"बुक्का. श्रोत्यांना लावायचा. बाई सांगतात, आधी श्रोत्यांशी नातं जोडा!"

"बाबा, प्लीज, कॅनॉट!" ऋग्वेदानं कपाळावर हात मारला. "दे विल थिंक यू आर पेंटिंग देम!"

"त्या यशोधनलाच देऊन टाका ती खुर्ची," नंदा म्हणाली. "बिचारा तीन शब्दांत घरी येतो."

हे मला लागलं. म्हटलं, आता बघाच!

परीक्षेच्या संध्याकाळी मी कडक इस्त्रीचा शर्ट घातला, खांद्यावर उपरणं टाकलं, वर्गाच्या दारातच उभा राहिलो आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळावर अंगठ्यानं बुक्का ओढला. "वेलकम ट्रॅडिशन!" म्हणत. कुणी नाही म्हणालं नाही. मिसेस ओंगनी वास घेतला आणि "व्हेरी फ्रॅग्रंट" म्हणून वहीत काहीतरी टिपलं. म्हटलं, सुरुवातीलाच एक मार्क खिशात!

माझा नंबर आला. नमन आटोपशीर केलं. फक्त गणपती, शारदा आणि सद्गुरू. बाकीच्या देवांची मनातल्या मनात माफी मागितली. मग लंकेत शिरलो (हे सगळं इंग्रजीत हं! माझ्या).

"माय डिअर श्रोते! होल सिटी गोल्ड! बट फायर वॉर्डन? नो! एक्झिट साइन? नो! असेंब्ली पॉइंट? नो! अँड देन कम्स हनुमान, विथ टेल!"

वर्ग पुढे सरकून बसला. मारुतीराया एका छपरावरून दुसऱ्या छपरावर उडी मारत होते, मी एका बाकावरून दुसऱ्या बाकाकडे.

"रावणा हॅज टेन माउथ्स! टेन! बट नॉट वन माउथ शाउटेड... फायर!"

टिंग!

घंटी. वेळ संपली. मला कळलं हो! मी काही बहिरा नाही. मी तोंड मिटायच्या बेतातच होतो. पण अंकलनी नियमाप्रमाणे दुसऱ्यांदा वाजवली. टिंग-टिंग. आणि मंडळी, ते टिंग-टिंग नेमकं समेवर पडलं!

आता सांगा, झांजेच्या ठेक्यावर रडलेला माणूस गप्प बसेल? माझा हात आपोआप वर गेला. गळ्यातून सूर निघाला. "हू विल शाउट? से विथ मी! फायर, फायर! एक्झिट, एक्झिट!"

मी गातोय म्हटल्यावर चुआ अंकलच्या अंगात लायन संचारला. त्यांनी घंटी उचलली, दुसऱ्या हातात स्टीलची पाण्याची बाटली घेतली, आणि काय ठेका, काय ठेका! मी म्हणायचं "फायर, फायर!", वर्गानं टाळ्या वाजवत म्हणायचं "एक्झिट, एक्झिट!" गजर सुरू झाला! आधी संथ, मग मध्य, मग द्रुत! मिसेस ओंग "टाइम! टाइम!" म्हणत हात हलवत होत्या. मला वाटलं, बाईसुद्धा रंगल्या!

शेजारच्या खोलीत आज्यांचा केक शिकायचा वर्ग होता. त्यांच्या ओव्हनमध्ये नेमका तेव्हाच एक केक करपला. म्हणजे बघा, खोलीत थोडा धूर, आणि भिंतीपलीकडून एक माणूस जिवाच्या आकांतानं "फायर! फायर!" आणि तीस माणसं "एक्झिट! एक्झिट!" ओरडतायत! त्यांच्यातली एक आजी धावत कॉरिडॉरमध्ये गेली आणि तिनं लाटण्यानं फायर अलार्मची काच फोडली.

सगळी इमारत ठणाणा करायला लागली.

आमचा वर्ग मात्र हलेना! उलट टाळ्यांचा कडकडाट. "वाह, स्पेशल इफेक्ट!" मागून कुणीतरी म्हणालं. मलाही क्षणभर वाटलं, प्रत्यक्ष मारुतीराया साथीला उतरले. मग नाकात करपलेला वास आला आणि माझ्यातला सेफ्टीवाला जागा झाला.

"धिस इज रिअल!" मी ओरडलो. "प्लीज गो!"

"सो गुड अॅक्टिंग!" सगळे बसूनच.

काय करणार? साध्या भाषेत सांगून ऐकेनात, तेव्हा पुन्हा सूर लावला. "एक्झिट, एक्झिट!" म्हणत मी दाराबाहेर पडलो, मागे ठेका धरून चुआ अंकल, त्यांच्यामागे वर्ग. जिन्यात केकवाल्या आज्या मिळाल्या, खालून योगवाले मिळाले. त्यांनीही धरलं. अख्खी इमारत टाळ्या वाजवत, गात, एका ओळीत, धक्काबुक्की न करता कारपार्कमध्ये उतरली. चौदा वर्षांच्या नोकरीत इतकी सुंदर इव्हॅक्युएशन मी पाहिली नव्हती!

बंब आला. त्यातून जवान उतरले, आमच्याकडे बघितलं आणि एकदम पळापळ. "कॅज्युअल्टीज! सूट ऑन फेस!"

काजळी कसली, तो बुक्का होता हो! पण अंधारायला आलेल्या कारपार्कमध्ये तीस काळी कपाळं बघून दुसरं काय वाटणार? चुआ अंकलना धरून बसवलं आणि नाकाला ऑक्सिजन लावला. मी "नो स्मोक! ब्लेसिंग! ब्लेसिंग!" म्हणून ओरडतोय, तर एक जवान दुसऱ्याला म्हणाला, "दिस वन ऑल्सो. कन्फ्यूज्ड." मलाही लावला!

शेवटी करपलेला केक सापडला, आजींचं लाटणं सापडलं, आणि अधिकाऱ्यांनी विचारलं, "हू शाउटेड फायर?"

अख्ख्या वर्गानं प्रेमानं माझ्याकडे बोट दाखवलं. केकवाल्या आज्यांनीही.

मी सगळं सांगितलं. लंकेपासून. अधिकारी वही मिटून म्हणाले, "सर, नेक्स्ट टाइम चूज अनदर टॉपिक."

मिसेस ओंग समोर येऊन उभ्या राहिल्या. कपाळावरचा बुक्का घामानं नाकापर्यंत उतरलेला. मी मान खाली घातली. गेली खुर्ची! गेला माईक!

"मिस्टर निशिकांत, वेळेत तुम्ही नापास," त्या म्हणाल्या. "समारोप तर केलाच नाही."

"मॅडम, उत्तररंग राहिला..."

"पण ऐकणाऱ्याला उठून काहीतरी करायला लावायचं होतं." त्यांनी कारपार्कभर नजर फिरवली. "चार मजले उठवलेत! यात मी पूर्ण मार्क दिले नाहीत तर कशात देऊ? पास."

चुआ अंकलनी मास्क काढून आरोळी ठोकली!

घरी मी विजयी वीरासारखा शिरलो. ऋग्वेदानं फोन पुढे केला. कुणीतरी सगळ्याचा व्हिडिओ केला होता. "बाबा, यू आर फेमस. डाय ऑलरेडी." नंदा मात्र हसून हसून सोफ्यावरून घसरली होती.

दुसऱ्या दिवशी मिस्टर गोहनी बोलावलं. त्यांच्या स्क्रीनवरही तोच व्हिडिओ.

"निशी, यू पास!"

"थँक यू, सर! मग उद्या सकाळपासून टॉक..."

"टॉक यशोधन देईल. तो लीड."

मी दाराकडे वळलो.

"पण हे बघ," साहेब स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले. "पीपल मूव्ह! आपल्या भोंग्याला कुणी हलत नाही. तुझा आवाज ऐकून आज्या चार जिने धावत उतरल्या! मला भोंग्याच्या जागी हा आवाज हवाय. आपण रेकॉर्ड करू. सगळ्या प्लांटमध्ये. शेकडो स्पीकर!"

शेकडो स्पीकर! मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार?

"म्हणजे शेवटी तुमचा गजर झाला म्हणायचा!" रात्री पोळी वाढताना नंदा म्हणाली. "घड्याळातला!"

रेकॉर्डिंग मी मन लावून केलं. नमन, लंका, हातमोजे, आणि या वेळी उत्तररंगसुद्धा! साहेबांनी मशीनवाल्याला सांगून एक शब्द कापू दिला नाही. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं सबंध कीर्तन.

आता दर ड्रिलला माझा आवाज जुरोंग आयलंडवर घुमतो. आमचे बुवा म्हणायचे, श्रोता जागचा हलला नाही की समजावं, कीर्तन रंगलं. माझं नुसतं "माय डिअर श्रोते" ऐकलं, की अख्खा प्लांट कॉफी टाकून पळत सुटतो! साहेब घड्याळ बघून म्हणतात, "एक्सलंट, निशी!"

उत्तररंग छान उतरलाय म्हणे. मला माहीत नाही. तोवर मीही बाहेर पळालेलो असतो.