लोर्नाची साडेसहा

सत्तराव्या वर्षी वेंडेल टॉलेफसनने ठरवलं, नवी रायफल घ्यायची. एकच, पण अशी की शनिवारी नेमबाजीच्या मैदानात सहाशे वारांवरची लोखंडी पाटी वाजावी आणि शिकारीच्या मोसमात एल्क, म्हणजे तिकडचा थोराड सांबर, तोही पडावा. मोंटानातल्या त्या गावात हे चारचौघांत बोलणं म्हणजे पोळ्यावर दगड मारणं. काडतुसाच्या मापावरून तिथे सख्खे भाऊ बोलायचे थांबतात.

खरं तर घरात रायफल होती. बायकोची, लोर्नाची, साडेसहा मिलिमीटरची. लोर्ना एप्रिलमध्ये गेली. रायफल कपाटात तिच्या कोटामागे उभी होती आणि वेंडेलने ते कपाट तेव्हापासून उघडलं नव्हतं. (थंडी पडल्यावर त्याला नवा कोट घ्यावा लागला, कारण त्याचाही त्याच कपाटात होता.)

"साडेसहा घे की," दुकानदार ड्वाइट म्हणाला. "धक्का कमी, लांबवर सरळ जाते."

"ती उंदरांसाठी!" तीस वर्षं तो लोर्नालाही हेच म्हणत आला होता. ती हसायची आणि दरवर्षी एल्क पाडायची.

"मग तीनशे मॅग्नम? अरे, तिचा धक्का म्हणजे गाढवाची लाथ, आणि खांद्याचं ऑपरेशन झालंय ना तुझं?"

"खांदा माझा आहे, तुझा नाही."

शनिवारी मैदानात त्याने मॅग्नम झाडली. धक्क्याने रायफलीवरची दुर्बीण मागे आली आणि भुवईवर आदळली. पाटी वाजली नाही, वेंडेल वाजला. पाच टाके पडले.

"आईची का नाही वापरलीत?" दवाखान्यातून परतताना त्याची मुलगी सॉल्वेग म्हणाली.

"कपाट अडकलंय."

"बाबा, त्या कपाटाला धड कडीसुद्धा नाही."

घरी आल्यावर तिनेच कपाट उघडलं.

पुढच्या शनिवारी तो लोर्नाच्या रायफलीमागे आडवा झाला. दस्त्याला अजून तिच्या हाताच्या क्रीमचा वास होता. त्याने चाप ओढला. पाटी वाजली. पुन्हा वाजली. तिसऱ्यांदाही! लोकांनी टाळ्या वाजवल्या. वेंडेलने मान लववली, पण त्याला ठाऊक होतं. दुर्बिणीवरची अंतराची चकती लोर्नानेच गेल्या शरदात सहाशेवर लावून ठेवली होती. त्याने चकतीला बोटही लावलं नव्हतं.

मोसमाच्या पहिल्या सकाळी तो सॉल्वेगबरोबर शिकारीला गेला आणि दोनशे वारांवर एल्क आडवा उभा राहिला. वेंडेलने श्वास सोडला, चाप ओढला. गोळी पाठीवरून निघून गेली. एल्कने मान वर करून पाहिलं आणि सावकाश झाडीत शिरला.

"बाबा, चकती खाली घेतली होतीत ना?"

"नाही."

"सहाशेवरच ठेवलीत? मग दोनशेवर गोळी वरूनच जाणार! अहो, का?"

"तिनं लावली होती," तो म्हणाला. "माझ्याच्यानं फिरवेना."

सॉल्वेग त्याच्या शेजारी बर्फात बसली, त्याच्या दंडात हात अडकवला.

डिसेंबरात शेजारची मर्टल एल्कची अख्खी तंगडी घेऊन आली.

"कुठलं काडतूस?" वेंडेलने विचारलं.

"काडतूस कसलं! हायवेवर माझ्या पिकअपपुढे आला," मर्टल म्हणाली. "आणि मी चष्मासुद्धा लावला नव्हता."