आदर्श माता समिती

लोकांना चांगल्या सवयी लावणं हे आमच्या कार्यालयाचं काम. आम्ही स्वतः मात्र कुठलीच सवय लावून घेत नाही. घेतली तर कामाला वेळ उरणार नाही. पाचव्या मजल्यावरून आमची भित्तिपत्रकं गठ्ठ्यांनी बाहेर पडतात: हात धुवा, दात घासा, चालत जा. ती सगळी आमच्या चित्रकार बाई रंगवतात. त्यांच्या खोलीला खिडकी एकच, आणि तीही न खपलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यांनी झाकलेली. त्यामुळे ‘मोकळी हवा घ्या’ हे पत्रक बाईंनी भर दुपारी दिवा लावून रंगवलं होतं.

‘गर्भधारणेपूर्वीची तयारी’ या पत्रकाचं काम चालू असताना बाईंनी एक विचित्र गोष्ट केली. त्यांनी मजकूर वाचला. तसं करायला नियमाने बंदी नव्हती, पण आजवर कुणाला सुचलं नव्हतं. वाचून त्या थेट साहेबांच्या खोलीत गेल्या.

“साहेब, अर्ध्या दिवसाची रजा हवी होती. आम्हा दोघांना डॉक्टरीणबाईंकडे जायचंय, तपासणीला.”

“आजारी आहात?”

“नाही.”

“मग दिवस गेलेत?”

“नाही हो. दिवस जायच्या आधीच जायचं असतं. आपल्याच पत्रकात लिहिलंय.”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बाई, पत्रक जनतेसाठी असतं. जे झालेलंच नाही, त्याची रजा मी कशी देऊ? आधी होऊ द्या, मग या.”

बाई जेवणाच्या सुट्टीत जाऊन आल्या, उपाशीपोटी. नवऱ्यालाही घड्याळ दुरुस्तीचं दुकान बंद करून ओढत नेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या आजपासूनच सुरू करायला सांगितल्या आणि मग मोर्चा नवऱ्याकडे वळवला. “तुमची सिगारेट बंद.”

“माझी? मूल काय मला व्हायचंय?”

“मग नाव कुणाचं लावणार आहात?”

नवरा वरमला. गोड बातमी कळली की त्याच दिवशी सोडतो, असा त्याने शब्द दिला. काही महिन्यांनी बातमी कळली तेव्हा त्याने आनंदाच्या भरात एक ओढली आणि जबाबदारीच्या जाणिवेने दुसरी.

कार्यालयात तर आनंदीआनंद झाला. इतकी वर्षं आम्ही ज्या गर्भवतीसाठी झिजत होतो, ती आमच्याच मजल्यावर निघाली होती! बाईंनी जुन्या अर्जाची आठवण करून दिली, तेव्हा साहेब हळहळले. “पूर्वतयारीची रजा आता कशी मिळेल? ती आधीच घ्यायला हवी होती.” पण ते कठोर नव्हते. त्यांनी तिथल्या तिथे आदर्श माता समिती नेमली. हेडक्लार्क अध्यक्ष झाले. त्यांना आम्ही मागून धुराडं म्हणतो, कारण पहिली विडी विझायच्या आत ते दुसरी पेटवतात. चिटणीस म्हणून माझी निवड झाली. मी अविवाहित असल्याने माझ्याकडून पक्षपात होण्याची भीती नव्हती.

बाईंच्या मागण्या दोनच होत्या. खिडकीपुढचे गठ्ठे हलवावेत, आणि उंच स्टुलाऐवजी पाठ टेकायला खुर्ची द्यावी. यावर विचार करायला समिती रोज बसू लागली. बाईंना उठबस नको म्हणून बैठक त्यांच्याच खोलीत घ्यायची, असं एकमताने ठरलं. आमच्या खुर्च्या आम्ही बरोबर नेत असू. अर्ध्या तासात खोलीत इतका धूर कोंडायचा, की समोरचा सभासद कोण हे आवाजावरून ओळखावं लागे.

बाई खोकल्या की अध्यक्ष कळवळून म्हणत, “बाई, जपा हो. अशा अवस्थेत खोकला बरा नव्हे.”

“ती विडी जरा बाहेर ओढली तर?”

“बाहेर? आणि तुमच्या प्रश्नाकडे कोण बघणार?”

समितीने हात आखडता घेतला, असं मात्र कुणी म्हणू नये. गर्भवतीने चालावं, हे शास्त्र आहे. म्हणून लिफ्टवाल्याला ताकीद दिली की बाईंना आत घेऊ नये. विश्रांती हवी, हेही शास्त्र आहे. म्हणून दुपारी विश्रांतीचा तास ठेवला. हा तास पाहायला इतर कार्यालयांतून पाहुणे येऊ लागले. बाई डोळे मिटून स्टुलावर बसत आणि अध्यक्ष दबक्या आवाजात माहिती सांगत. त्या तासात राहिलेली चित्रं बाई घरी नेऊन पूर्ण करत.

घरी सासूबाई ताट घेऊन दारातच उभ्या असत. “दोन जिवांची आहेस, दुप्पट खा.”

“आई, दुप्पट नाही, चौरस खायला सांगितलंय.”

“मग हे ताट काय गोल आहे म्हणून नको?”

सासूबाई वाढत आणि नणंद फोनवर वाचून एकेक पदार्थ उचलत जाई. हा उष्ण, तो वातूळ, तिसऱ्याने बाळ हट्टी होतं. दोघींचं समाधान होईपर्यंत बाईंपुढे पाण्याचा पेला तेवढा उरे.

आठव्या महिन्यात आम्ही प्रदर्शन भरवलं. मंचावर प्रत्यक्ष बाईंनाच उभं केलं, कारण चित्रापेक्षा खऱ्या माणसाचा परिणाम जास्त होतो. साहेबांचं भाषण रंगात आलं होतं. बाईंचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते. त्या मला हळूच म्हणाल्या, “भोवळ येतेय.” मी तोंडावर बोट ठेवलं, साहेब नेमके विश्रांतीच्या मुद्द्यावर आले होते.

आणि बाई कोसळल्या.

सगळे धावले. कुणी म्हणालं पाणी पाजा, कुणी म्हणालं मुळीच पाजू नका, कुणी कांदा आणायला पळालं. “मागे सरका, वारा येऊ द्या!” असं ओरडत प्रत्येक जण एकेक पाऊल पुढे सरकत होता. गर्दीतून नवरा कसाबसा आत घुसला आणि बाईंना रिक्षात घालून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

रक्तदाब चढला होता. बाई नुसत्या विचारत होत्या, “बाळ हलत का नाहीये?” डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र टेकवलं. आधी नुसती खरखर. नवऱ्याने बाईंचा हात घट्ट धरला. मग ठोके ऐकू आले, भराभर, पण नेमके. जन्मभर घड्याळांना कान लावलेला तो माणूस ऐकतच राहिला. मग खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून त्याने केराच्या टोपलीत टाकलं, ते कायमचं. आमच्या अहवालात याची नोंद नाही. ते समितीच्या प्रयत्नांनी घडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून बाई कामावर आल्या नाहीत. रजा मंजूर नव्हती. त्यांनी मागितलीच नव्हती. असं बेशिस्त वागूनही दिवस भरल्यावर त्यांना मुलगी झाली, गुटगुटीत. आम्ही लगोलग ‘समितीचे यश’ असं पत्रक काढलं.

मग सगळे मिळून बाळाला पाहायला गेलो. साहेबांना सर्दी होती, तरी ते आले. असा जिव्हाळा हल्ली कुठे दिसतो? अध्यक्षांनी जिन्यात विडी विझवली आणि आत शिरताच दोन्ही हात पुढे केले. “आणा इकडे, एक पापा घेऊ द्या.”

बाईंनी बाळाला छातीशी धरलं. “पापा नको. आधी साबणाने हात धुवा, आणि लांबूनच बघा. साहेब, सर्दी आहे तर तुम्ही बाहेरच थांबा.”

साहेबांचा रुमाल नाकाजवळच थांबला. सासूबाई शरमेने आत गेल्या. जिना उतरताना अध्यक्ष कसेबसे बोलले, “मूल झालं म्हणून इतकी शिंगं फुटावीत? नऊ महिने हिच्यासाठी जिवाचं रान केलं!”

बाईंचं म्हणणं चूक होतं, असं आमच्यापैकी कुणीच म्हणत नाही. पण मोठ्या माणसांशी बोलायची काही रीत असते की नाही? तेच जरा गोड शब्दांत सांगता आलं असतं. तुम्हालाही आत्ता तसंच वाटलं ना? मग आमच्याकडे या. समितीत तुमच्यासारख्या समंजस माणसाला नेहमीच जागा असते, आणि खुर्चीही.