सगुणाबाईंच्या नावावरील कमानीची मोहीम

श्रीशारदेचे चरणी माथा ठेवून लिहितो ऐसे जे, मौजे रेणापूर, जिल्हे लातूर, येथे जी मोहीम जाहली तिची हकीकत हुजुरास जाहीर व्हावी. तोफ डागली नाही आणि घोडा पडला नाही, परंतु एक लॅपटॉप तीन वेळां तापला.

येथे सगुणाबाई म्हणून थोर मातुश्री. अक्षरओळख नाही, परंतु पन्नास वर्षे स्वतः पदे रचून गात आणि शेवटच्या ओळीत आपले नाव घालीत. यंदा गळ्याने बेइमानी केली आणि आवाज पार बसला. मग त्यांच्या सूनबाई, संगीतशिक्षिका सरलष्कर दीपमाला मॅडम, यांनी मसलत केली की आत्याबाईंचे, म्हणजे सासूबाईंचे, पद स्वरलिपीत लिहून मुखेडच्या शाळेत शिकविणारी आपली शिष्या गीतांजली हिजकडे धाडावे. तिने चाल कधी ऐकिलेली नाही, म्हणून कागदाची खरी परीक्षा तिजकडेच. तिने नुसत्या कागदावरून बरहुकूम गायिले तर पद राहील, नाही तर बाईंबरोबर जाईल.

'सगुणा' या नावावर मींड होती, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे, आणि तिची खूण म्हणजे स्वरांच्या डोक्यावर एक कमान. सॉफ्टवेअरास कमानीचा हुकूम दिला, तो त्या नमकहरामाने ती स्वरांखाली, थेट नावाच्या छाताडावर टाकिली. मॅडमनी घाईत पाहिले नाही आणि कागद व्हॉट्सॲपवरून मुखेडास रवाना जाहला. गीतांजलीने गाऊन आवाज उलट धाडिला. पद सुरेख, नाव गायब. जाब पुसता उत्तर आले, "मॅडम, त्या शब्दावर रेघ व्हती. मला वाटलं खोडलंय."

सगुणाबाई घोगऱ्या आवाजात एवढेच वदल्या, "जित्ती असतानाच खोडलं का गं मला?" मॅडमचे तोंड उतरले.

मग दुसरा हल्ला. कमान उचलून स्वर आणि शब्द यांमधल्या चिंचोळ्या खिंडीत बसविली. स्वरांखाली कमान म्हणजे सारे स्वर एकाच मात्रेत, हे मॅडमसारखी विदुषीही घाम पुसतांना विसरली. मग मुखेडाहून नाव आले ते एसटी चुकत असल्यासारखे धावत आले.

तिसरे वेळी मॅडमनी चहाही नाकारिला. आधी ओळींमधले अंतर वाढवून मैदान मोकळे केले, आणि मग कमान स्वरांच्या वर नेऊन एक टोक पहिल्या स्वरावर आणि दुसरे शेवटच्या स्वरावर नेमके रोविले, आणि मधला फुगवटा माउसने तसूतसूने वर ओढिला, आणि मग कागद छापून, भिंतीस लावून, चार हातांवरून वाचून पाहिला, आणि मगच धाडिला.

घटकाभराने आवाज आला. नाव सावकाश, लांबत, कोठे न तुटता उतरले. सगुणाबाईंनी फोन कानाशी धरिला आणि त्यांचे डोळे भरले. मॅडमचेही भरले, ते लपविण्याचे कारण नाही. बाई म्हणाल्या, "हाव. ह्यो माझाच गळा हाय."

मग तो आवाज त्यांनी सात वेळां ऐकिला, आणि आठवे वेळी मुखेडास फर्मान सुटले की दुसऱ्या ओळीत दम लवकर घेतेस, ते सुधारावे आणि उद्या पुन्हा गाऊन दाखवावे. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, ती येथे नमूद केली असे.