तात्यांची सातची गाडी

रानातल्या पायवाटेवर वळण आलं की एक माणूस तोंडानं हॉर्न वाजवतो, असं कुणी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय! पण तो माणूस माझा शेजारी आहे. बबनतात्या. वय अडुसष्ट, मिशा पांढऱ्याशुभ्र, छाती अजून ताठ. करवंदीच्या जाळीपाशी वाट वळली की "पों-पों!" त्यांच्यामागं माझ्या दोन मुली आणि गल्लीतली सापडतील ती पोरं, मग माझी बायको, आणि सगळ्यात शेवटी जांभया देत मी.

"तात्या, इथं समोरून काय ट्रक येणार आहे का?" मी एकदा वैतागून विचारलं.

"ट्रक न्हाई सर, बिबट्या. त्याला बी कळाया पायजे ना, गाडी येतीया म्हणून."

आमच्या जुन्नरात बिबट्याचं नाव काढलं की वाद तिथंच मिटतो.

तात्या एसटीत ड्रायव्हर होते. घाटघरची मुक्कामी गाडी त्यांनी वर्षानुवर्षं चालवली. संध्याकाळी जुन्नरातून न्यायची, रात्री तिथंच झोपायचं, सकाळी माणसं भरून परत आणायची. रिटायर झाले, पण हातातलं स्टेअरिंग काही सुटेना. त्यात गावाबाहेर वनखात्याचं उद्यान झालं आणि ते बिचारं तात्यांच्या तावडीत सापडलं. तिथली गोल वाट जेमतेम दोन किलोमीटरची. फाटकातून निघायचं, सागातून, बांबूच्या बेटातून फिरून पुन्हा फाटकाशी यायचं. चढ नाही, दम नाही. गुडघे धरलेल्या आजीबाईसुद्धा गप्पा मारत पुरी करतात. पण तात्यांनी तिचा रूट करून टाकला. दर रविवारी सातची गाडी. तुम्ही सात वाजून दोन मिनिटांनी पोचलात तर तात्या निघून गेलेले. बायको काही विचारायला पुढं झाली की म्हणायचे, "वहिनी, चालकाशी बोलू नये." पोरांनी काटेरी झुडपाकडं हात नेला की, "हात बाहेर काढू नये!"

माझी धाकटी पाच वर्षांची. तिच्यावर तर त्यांचं भारी लक्ष. ती जिथं "पप्पा, अजून किती?" म्हणायची तिथं तात्या थबकायचे, इकडंतिकडं बघून जागा हेरायचे, आणि पुढच्या रविवारी त्या जागी बसायला एक सपाट दगड आलेला असायचा. शनिवारी कोयता घेऊन एकटेच जायचे आणि वाटेवर आलेल्या काटेरी फांद्या छाटून यायचे. मी याला खूळ म्हणायचो. तोंडावर नाही, बायकोपाशी. आमच्यात तेवढी सभ्यता आहे.

एका शनिवारी संध्याकाळी तात्या दारात उभे. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट.

"सर, उद्या आर्वी येतीया. पोरगा-सूनबाई बी. फोन आला व्हता."

आर्वी म्हणजे त्यांची नात, पुण्याला असते. माझ्या धाकटीच्याच वयाची. एवढं ऐकलं आणि त्या सगळ्या दगडांचा मला एकदम उलगडा झाला.

"मागल्या टायमाला आली ती तासाभरात घरी जाऊ म्हणाया लागली," तात्या म्हणाले. "तिचं बी बरोबर हाय. माझी वळख कुठंय तिला? म्हणलं, रानात नेली तर रमंल. पुन्हा यावं वाटंल. पण लेकरांना लेकरं लागत्यात, सर. मोठ्यांच्या संगं ती चालत न्हाईत, फरफटत्यात. तुमच्या पोरी तेवढ्या येऊ द्या उद्या."

आणि मी म्हणालो, "तात्या, एक रविवार तरी झोपू द्या की राव! पुढच्या वेळी नक्की."

काम नव्हतं, पाहुणे नव्हते. खरंच सांगतो, मला फक्त झोपायचं होतं.

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. दमता तुमी बी," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी आठच्या आधीच त्यांच्या दारातून मोटार निघाल्याचा आवाज आला. मी खाली गेलो. तात्या ओट्यावर बसले होते, मांडीवर न फोडलेला बिस्किटांचा पुडा.

"झाली का फेरी?"

"झाली की. लई झटक्यात झाली." मग पुड्याची कड चाचपत म्हणाले, "पोरगी पयल्याच वळणाला दमली. बापाच्या खांद्यावर बसली ती उतरलीच न्हाई. दगडाबिगडाची गरजच पडली न्हाई बघा. सूनबाई म्हणली, छान हाय जागा. त्यांना फुडं नारायणगावात कुणाकडं जायचं व्हतं."

मी त्यांच्याशेजारी ओट्यावर टेकलो.

"पर एक बरं झालं, सर. बापाच्या खांद्यावर लेकरू कसं बसतं ते बघाया मिळालं. मी माझ्या पोराला कधी घेतलाच न्हाई. घरी यायचो तवा त्यो शाळंला गेलेला असायचा."

बायकोनं त्या दिवशी मला एका शब्दानंही टोकलं नाही. टोकलं असतं तर बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी मी गजर लावून उठलो. पोरींना उठवलं, बूट घातले, आणि पावणेसातलाच तात्यांची कडी वाजवली. बऱ्याच वेळानं दार उघडलं. अंगावर शाल, डोळे झोपेतले.

"चला तात्या, आज आम्ही वेळेच्या आधी हजर!"

त्यांनी धाकटीच्या गालावरून हात फिरवला.

"तुमाला वाट पाठ झालीया की आता," ते म्हणाले. "जावा तुमी. मी आज झोपतो जरा."

चुकलो तात्या, असं म्हणायचं मी रात्रीच ठरवून ठेवलं होतं. शब्द अगदी ओठांवर होते.

"बरं, पडा तुम्ही," मी म्हणालो, आणि पोरींना घेऊन त्यांच्या ओट्यावरून उतरलो.